लिनक्स डेस्कटॉपचे घड्याळ पुन्हा पुन्हा चुकते: आधी फरक मोजा, मग उपाय करा

जुन्या डेस्कटॉपवर नव्याने लिनक्स बसवलेल्यांकडून एक तक्रार वारंवार येते. बसवणी व्यवस्थित पार पडते, चार दिवस काम सुरळीत चालते आणि मग एका सकाळी ब्राउझर बँकेचे, परीक्षेच्या अर्जाचे किंवा ईमेलचे पान उघडायला नकार देऊन कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा देतो. सॉफ्टवेअर अद्ययावत करायला जावे तर ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले की वेळ चुकल्याचे कळते. ती हाताने दुरुस्त केली की सगळे पूर्ववत होते, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू केला की पुन्हा तोच प्रकार. नवखा माणूस साहजिकच लिनक्सला दोष देतो, ओळखीचा दुरुस्तीवाला ‘उन्हानं होतंय’ किंवा ‘व्हायरस असेल’ म्हणतो, आणि कोणीतरी सगळे पुसून प्रणाली नव्याने बसवण्याचा सल्ला देतो. या सल्ल्यात एक दिवस जातो आणि घड्याळ होते तसेच राहते.

या एका तक्रारीमागे वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. सुदैवाने कारण ओळखण्यासाठी फार काही उघडून बघावे लागत नाही, कारण घड्याळ किती चुकले आहे या आकड्यातच बहुतेक वेळा उत्तर असते. म्हणून वेळ दुरुस्त करण्याची घाई करू नये. मोबाइल आणि संगणक शेजारी ठेवून फरक कागदावर लिहून घ्यावा: संगणक पुढे आहे की मागे, किती तास, किती मिनिटे, आणि तारीखही बदलली आहे का. दुसऱ्या दिवशी हीच नोंद पुन्हा करावी. फरक रोज ठरलेला असेल तर दोष मांडणीत, म्हणजे सेटिंगमध्ये आहे. फरक रोज वेगळा असेल तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-बोर्डावरच्या, सेलमध्ये आहे. फोनवरून मदत करणाऱ्यानेही पहिला प्रश्न हाच विचारावा. ‘वेळ चुकते’ एवढ्यावर उपाय सांगणे म्हणजे ताप किती आहे हे न बघता औषध देणे होय.

संगणकात दोन घड्याळे असतात, हे एकदा लक्षात आले की पुढचे सगळे सोपे जाते. पहिले घड्याळ मदरबोर्डवर असते. सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर ते चालते, आणि संगणक बंद असतानाही चालू राहावे म्हणून त्याला नाण्याच्या आकाराचा एक सेल दिलेला असतो. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीपासून ही व्यवस्था डेस्कटॉपमध्ये रूढ झाली. दुसरे घड्याळ लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे असते. संगणक सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेते आणि नंतर आपल्या आपण चालते. इंटरनेट मिळाले की एनटीपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, जी डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडवली, हे दुसरे घड्याळ दूरच्या सर्व्हरशी जुळवले जाते. एकदा जुळले की कर्नल दर ११ मिनिटांनी ती अचूक वेळ पहिल्या घड्याळातही लिहून ठेवतो. या साखळीतला कोणता दुवा तुटला आहे, एवढेच शोधायचे आहे.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे फरक नेमका ५ तास ३० मिनिटे आला की सेलचा संशय तूर्त बाजूला ठेवावा. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ आहे असे गृहीत धरते, तर विंडोज डॉस या आपल्या पूर्वसुरी प्रणालीच्या काळापासूनच्या प्रथेनुसार तिथे स्थानिक वेळ ठेवते. एकाच संगणकावर दोन्ही असतील तर दोघेही एकमेकांची वेळ बिघडवतात. दुपारी २ वाजता विंडोजने तिथे १४:०० लिहिले की लिनक्स त्याला जागतिक वेळ समजून संध्याकाळचे साडेसात दाखवते. लिनक्सने ८:३० लिहिले की विंडोज सकाळचे साडेआठ दाखवते. म्हणजे लिनक्स पुढे आणि विंडोज मागे, हे चित्र दिसले की निदान झाले असे समजावे.

खात्री करण्यासाठी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून टाइमडेटसीटीएल ही आज्ञा द्यावी. ‘टाइम’ आणि ‘डेट’ हे दोन इंग्रजी शब्द व त्यापुढे सी, टी, एल ही अक्षरे, सगळे लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता लिहायचे असते. फोनवर सांगताना एकेक अक्षर उच्चारून सांगितलेले बरे. येणाऱ्या उत्तरात लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम (जागतिक वेळ) आणि आरटीसी टाइम (मदरबोर्डच्या घड्याळाची वेळ) अशा तीन वेळा दिसतात. फक्त लिनक्स असलेल्या आणि व्यवस्थित जुळलेल्या संगणकात शेवटच्या दोन वेळा सारख्या असतात आणि पहिली त्यांच्या साडेपाच तास पुढे असते. विंडोज बंद करून लिनक्स नुकतेच सुरू केले असेल आणि आरटीसीच्या ओळीत तुमच्या मनगटावरची वेळ दिसत असेल, तर ती विंडोजने लिहिलेली आहे.

यावर उपाय दोन आहेत. एक, लिनक्सला सांगायचे की मदरबोर्डवर स्थानिक वेळ आहे: वरच्याच आज्ञेपुढे जागा सोडून ‘सेट’, ‘लोकल’ आणि ‘आरटीसी’ हे तीन शब्द हायफनने जोडून लिहायचे, पुन्हा जागा सोडून १ हा इंग्रजी अंक द्यायचा. दुसरा, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद, तीनही जागा गाळून, टाइमझोन इन्फर्मेशनच्या कप्प्यात तयार करून तिचे मूल्य १ करायचे. तांत्रिक शुद्धतेच्या दृष्टीने दुसरा उपाय अधिक चांगला मानला जातो, आणि पहिला उपाय केल्यावर लिनक्स स्वतःच एक लांबलचक इशारा दाखवते. परंतु त्या इशाऱ्यातला मोठा भाग उन्हाळी वेळबदलाशी संबंधित आहे. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळे मागेपुढे करतात तिथे दोन्ही प्रणाली तोच एक तास दोनदा बदलू शकतात. भारतात असा बदल होत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला रजिस्ट्रीत हात घालायला लावण्यापेक्षा पहिला उपाय मला जास्त सुरक्षित वाटतो. त्याची एक अट मात्र सांगून ठेवावी: या पद्धतीत लिनक्स मदरबोर्डचे घड्याळ दुरुस्त करत नाही, ते काम विंडोजवर सोपवलेले असते, म्हणून अधूनमधून विंडोज सुरू करून त्याला इंटरनेट द्यावे लागते. पुढे कधी विंडोज काढून टाकलेच, तर १ च्या जागी ० देऊन तीच आज्ञा पुन्हा चालवावी.

साडेपाच तासांचा हाच फरक विंडोज नसलेल्या संगणकातही आढळतो आणि तिथे तो जास्त गोंधळात पाडतो. दुकानदाराने नवा सेल बसवून दिला आणि चांगुलपणाने बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आपल्या मोबाइलवरची वेळ भरून दिली, की घरी येऊन लिनक्स सुरू करताच घड्याळ साडेपाच तास पुढे धावते. ग्राहक ‘नवा सेलही खराब निघाला’ म्हणून परत दुकानात जातो. फक्त लिनक्स असेल तर बायोसमध्ये जागतिक वेळ भरायची असते, म्हणजे घरातल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे: संध्याकाळचे ६ वाजले असतील तर १२:३०. पहाटे साडेपाचच्या आधी हे काम करत असाल तर तारीखही आदल्या दिवसाची भरावी लागेल. बायोसमध्ये बहुधा आधी महिना आणि मग दिवस अशी अमेरिकी पद्धत असते, हेही पाहून घ्यावे. ५ जूनचा ६ मे झाला तर ती वेगळीच डोकेदुखी होते. या आकडेमोडीत पडायचे नसेल तर दुसरा मार्ग सरळ आहे. लिनक्स सुरू करून मोबाइलचे हॉटस्पॉट जोडावे आणि पाव तास संगणक चालू ठेवावा. तेवढ्यात कर्नल बरोबर वेळ मदरबोर्डवर लिहून टाकतो.

फरक रोज वेगळा असेल, किंवा लाइट गेल्यावरच चुकत असेल तर

संपलेला सेल हे मराठवाड्यात वारंवार आढळणारे कारण आहे, आणि त्याला दोन गोष्टी एकत्र येऊन कारणीभूत होतात. पहिली म्हणजे संगणकांचे वय. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरांत, अभ्यासिकांत आणि छोट्या सेवा केंद्रांत असलेले चांगले चालणारे जुने डेस्कटॉप लिनक्सकडे वळत आहेत. त्यांतला सेल बहुधा मूळ खरेदीच्या वेळचाच असतो. दुसरी गोष्ट विजेची आहे. डेस्कटॉप बंद असला, पण भिंतीवरचे बटण चालू असले, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज पुरवत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते; सेलचा वापर जवळजवळ होत नाही. रात्री बोर्डाचे बटण बंद करून झोपण्याची शिस्त, भारनियमन आणि विजांच्या कडकडाटात प्लग काढून ठेवणे, यांमुळे हा भार रोज कित्येक तास सेलवर येतो. शहरात अखंड वीज असलेल्या कार्यालयात वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात न आलेला मेलेला सेल गावातल्या घरात पहिल्याच रात्री उघडा पडतो, तो यामुळे. यावर ‘बटण चालू ठेवा’ असा सल्ला काही जण देतात. अवकाळी पावसात वीज कोसळण्याचा धोका असलेल्या भागात तो देऊ नये. सेल स्वस्त आहे, संगणक नाही.

याची लक्षणे ओळखताना एक फसगत होते. सेल मेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे, बोर्ड तयार झाला त्या सुमाराच्या १ जानेवारीवर जाईल अशी आपली अपेक्षा असते, आणि बायोसमध्ये बघितले तर तशीच तारीख बहुधा दिसते. परंतु उबंटूच्या पुष्कळ आवृत्त्यांत किंवा लिनक्स मिंटमध्ये वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवते, आणि मदरबोर्डचे घड्याळ त्याहून मागे दिसले तर निदान त्या नोंदीपासून पुढे मोजायला लागते. परिणामी, काल रात्री पावणेदहाला बंद केलेला संगणक आज सकाळी सात वाजता सुरू केला की तो कालची तारीख आणि पावणेदहाच्या आसपासची वेळ दाखवतो. बघणाऱ्याला वाटते घड्याळ नऊ तास मागे पडले. परवा हाच फरक चौदा तासांचा दिसतो आणि कोणालाच संगती लागत नाही. संगणक जिथे थांबला होता तिथूनच वेळ पुढे सुरू झाली आहे का, एवढे विचारले की संगती लागते. खात्रीसाठी सुरू होताना बायोसमध्ये जाऊन तारीख पाहावी. ती जुनी असेल तर आणखी पुरावा लागत नाही. अशा संगणकात सुरू होताना कधीकधी डिस्कची तपासणी होऊन ‘मागील वापराची वेळ भविष्यातील आहे’ अशा अर्थाचा संदेशही झळकतो. तो पाहून डिस्क खराब झाल्याचा निष्कर्ष काढू नये.

सेल बदलण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. पहिले दोन अंक व्यास सांगतात, म्हणजे २० मिलिमीटर, आणि शेवटचे दोन जाडी, म्हणजे ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानात हा नसला की पुष्कळदा २०२५ क्रमांकाचा पुढे केला जातो. त्याचाही दाब ३ व्होल्टच असतो, पण जाडी अडीच मिलिमीटर असल्याने तो खाचेत सैल बसतो आणि तक्रार पुन्हा सुरू होते. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून पाहावा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो आणि २.८ च्या खाली गेलेला मी तरी परत बसवणार नाही. काढलेला सेल घरात लहान मुलांच्या हाती लागेल असा टाकू नये, कारण गिळला गेल्यास तो दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो.

सेल काढण्याआधी एक काम अवश्य करावे, आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते. बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. सेल निघाला की पुष्कळ बोर्डांची मांडणी मूळ स्थितीला जाते. बूटची, म्हणजे प्रणाली सुरू करण्याची, पद्धत युईएफआय (नवी) होती ती लेगसी (जुनी) झाली, किंवा डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआय होती ती बदलली, की घड्याळ दुरुस्त होते आणि लिनक्सच सुरू होत नाही. तेव्हा नवखा माणूस ‘डिस्क उडाली’ असे समजून हबकतो, तर प्रत्यक्षात फोटो बघून एक पर्याय पूर्ववत करायचा असतो. मेलेल्या सेलच्या संगणकात ही मांडणी कधीकधी आपोआपही बदलते, हे लिनक्स बसवण्याआधीच लक्षात घेतलेले चांगले. पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी बायोसची तारीख पाहिली आणि ती चुकलेली असेल तर आधी सेल बदलून घेतला, तर बसवणीच्या वेळी भाषेच्या फाइली आणि नवी आवृत्ती उतरवताना येणारे अडथळेही टळतात.

उन्हाविषयी थोडे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या पुढे असताना स्फटिकाची गती खरोखरच थोडी मंदावते, आणि उष्णतेने सेलही लवकर झिजतो. परंतु स्फटिकाच्या मंदावण्याने दिवसाला काही सेकंदांचा फरक पडतो, तासांचा नाही. तासांनी मागे गेलेल्या घड्याळाचे खापर उन्हावर फोडता येत नाही.

अर्ध्या किंवा पाव तासाचा ठरीव फरक

हे कारण किरकोळ आहे. बसवणीच्या वेळी नकाशावर बोट चुकले की वेळेचा पट्टा शेजारच्या देशाचा निवडला जातो: कराची निवडले तर घड्याळ अर्धा तास मागे, ढाका निवडले तर अर्धा तास पुढे, काठमांडू निवडले तर पंधरा मिनिटे पुढे. यादीत मुंबई किंवा दिल्ली पुष्कळदा शोधून सापडत नाही म्हणून लोक जवळचे दिसेल ते निवडतात. संपूर्ण भारतासाठी तिथे कोलकाता हीच एक नोंद आहे, मग संगणक छत्रपती संभाजीनगरात असो की हिंगोलीत. सेटिंगमधल्या ‘डेट अँड टाइम’ पानावर ती निवडली की काम झाले.

इंटरनेट असूनही वेळ जुळत नसेल तर

टाइमडेटसीटीएलच्या उत्तरात ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’ या ओळीपुढे ‘नो’ दिसत असेल, तर आधी ‘डेट अँड टाइम’मध्ये नेटवर्कवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहावे, वेळ हाताने भरण्यासाठी तो बंद केलेला असतो आणि नंतर चालू करायचे राहून जाते. तो चालू असूनही ‘नो’ येत असेल तर नेटवर्ककडे बघावे लागते. एनटीपी युडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे वाटेवरून) चालते, आणि काही महाविद्यालयांच्या व कार्यालयांच्या नेटवर्कमध्ये वेबसाइटपुरती वाट मोकळी ठेवून हे पोर्ट बंद केलेले असते. मग एक विचित्र कोंडी होते: घड्याळ चुकले म्हणून वेबसाइटची ठरावीक तारखांपुरती वैध असणारी सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरून नेटवर्कचे लॉगिन पान उघडत नाही, आणि लॉगिन होत नाही म्हणून घड्याळ जुळत नाही. ही कोंडी फोडायला मिनिटभर मोबाइलचे हॉटस्पॉट पुरते. तेही शक्य नसेल तर स्वयंचलित पर्याय बंद करून तारीख व वेळ हाताने भरावी, लॉगिन करावे आणि पर्याय पुन्हा चालू करावा. एक-दोन मिनिटे इकडेतिकडे असली तरी ब्राउझर सहसा कुरकुर करत नाही. मात्र दर ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिन कोड त्या संगणकावरच तयार करत असाल, तर तेवढाही फरक चालत नाही.

लॅपटॉपमध्ये हा सेल कधी वायरने जोडलेला आणि आवरणात गुंडाळलेला असतो, तर काही नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतोच आणि घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. तिथे मुख्य बॅटरी पूर्ण संपल्यावरच वेळ चुकते. त्यामुळे लॅपटॉप उघडण्याआधी त्या मॉडेलची रचना पाहून घ्यावी. डेस्कटॉपमध्ये योग्य क्रमांकाचा नवा सेल बसवूनही रात्री बटण बंद केल्यावर घड्याळ थांबत असेल, तर खाचेतील धातूची पट्टी वाकलेली किंवा गंजलेली आहे का ते पाहावे, आणि बायोसची मांडणी पुसण्यासाठी बोर्डवर असलेला जंपर (दोन पिना जोडणारे छोटे टोपण) कोणी चुकीच्या जागी ठेवून दिला आहे का तेही तपासावे. हे दोन्ही ठीक असेल तर दोष बोर्डात आहे. अशा बोर्डाच्या दुरुस्तीवर जुन्या संगणकासाठी खर्च करणे मला पटत नाही. नेटवर्कवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवून, संगणक सुरू केल्यावर आधी हॉटस्पॉट जोडावे, घड्याळ सरळ झाल्याचे पाहावे आणि मगच ब्राउझर उघडावा. एवढ्यावर तो आणखी काही वर्षे चालवता येतो.